कुत्मानच्या कॅमेऱ्यातली शर्यत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे गावप्रमुख शारशेन, मंचावर ऐसपैस बसलेले जिल्ह्याचे पाहुणे, राजधानीला निघालेला आपला कॅमेरावाला कुत्मान, आणि समोर तळलेल्या गरमागरम बोरसोकांचा फडशा पाडणाऱ्या माझ्या आयाबहिणींनो,

निघणाऱ्याला गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं हात पसरून आशीर्वाद द्यायचा, ही आपली रीत. माझ्याहून म्हातारा इथं फक्त डोंगर उरलाय, म्हणून हा मान मला.

कुत्माननं गावासाठी काय केलं नाही? लग्नं टिपली, बारशी टिपली, नेटवर टाकली. परदेशी कामाला गेलेल्या पोरांनी ती पाहून तिकडे डोळे पुसले. टाळ्या वाजवा की!

वसंतातल्या शर्यतीआधी तो माझ्याकडे चहाला आला होता. माझी विधवा सून उलजान शर्यतीचे घोडे तयार करते, तिनं विचारलं, "भावजी, शर्यत नीट दिसेल ना?" तर हा ऐटीत म्हणाला, "वहिनी, पळत्या घोड्याला सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं लागतात, शटर झटपट लागतं. नेट चित्राला पिळतंच, म्हणून आपण आधीच भरपूर बारकावे द्यायचे."

म्हणजे माहीत होतं ना, लेका?

दुसऱ्या दिवशी आमची तांबडी घोडी आणि याच्या सासऱ्याचा, झूमाशचा, करडा घोडा रेषेवर जवळजवळ जोडीनं आले. पंचांनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा नेटवरच्या फितीवर भरवसा ठेवला. आणि फितीत काय? जुन्या टीव्हीचं अर्ध्या-अर्ध्या ओळींचं सेटिंग, चित्र हे एवढंसं! घोड्यांच्या नाकांना फणीचे दात फुटलेले. मग निकाल? करडा पहिला, आणि जिंकणाऱ्याचा मानाचा झगा झूमाशच्या अंगावर. त्याच्याच तंबूत पंचांसाठी मेंढा शिजत होता ना! उलजाननं कुत्मानला जाब विचारला, तर हा म्हणे, "वहिनी, नेटसाठी एवढं पुरतं."

आणि त्याच दिवशी, त्याच कॅमेऱ्यानं टिपलेलं अध्यक्षांचं भाषण? शारशेन, रागावू नकोस, तुझ्या मिशीचा केसन्‌ केस दिसतो.

तेव्हापासून उलजानकडे कुणी शिंगरूसुद्धा पाठवत नाही. म्हणतात, हिच्या हाताला यश नाही.

आता मागे वळून पाहा. उलजान, कॅमेरा कसा लावलास गं?

"पन्नास पूर्ण चित्रं, आई. आणि थेट नेटवर."

ऐकलंस, कुत्मान? माझे हात अजून मांडीवरच आहेत. जायचंय बिनआशीर्वादाचं? नाही ना? मग सांग, भिंगाला डोळा लावून तू काय पाहिलंस? कुणाचं नाक पुढे होतं?

काय? मोठ्यानं बोल. तुझ्या बायकोलाही ऐकू दे.

"तांबडीचं, आपा. मानभर पुढे होती. सासऱ्यांनी सकाळीच बजावलं होतं, चित्र खराब काढ म्हणून."

पंच हो, खाली काय बघताय? इकडे बघा, सगळा जिल्हा तुम्हाला बघतोय.

घे, पसरले हात. सुखानं जा, पोरा. हा आशीर्वाद रीत म्हणून. माफी मागू नकोस, ती आज आणलेली नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी घास थांबवून ऐकलं, सगळ्यांचे आभार. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, जीभ कुठं सैल सुटली असेल, तर म्हातारीला पदरात घ्या. आणि झूमाश, निघालास वाटतं? नीघ. फक्त शर्यतीचा तो मानाचा झगा अंगावरून काढ, आणि जाता जाता माझ्या सुनेच्या खांद्यावर घाल.