वेग तोच राहतो

घटस्फोटाच्या कोर्टाबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर बसलेल्या त्या नवराबायकोचं बोलणं इतक्या वर्षांनीही कानात आहे.

“जाता जाता विचारतो, तू प्रयोगशाळेत करतेस तरी काय?”

“आज सुचलं होय! जड आयन वेगानं वायूतून सोडते. धडक बसली की त्याचा इलेक्ट्रॉन निसटतो.”

“मग थांबतो तो?”

“थांबतोय कुठला! वेग जवळजवळ तोच राहतो. पण विद्युतभार बदललेला असतो, म्हणून पुढे चुंबकापाशी वाट चुकतो नि भिंतीवर आदळतो.”

“आधी कळत नाही?”

“नुसत्या वेगावरून नाही कळत.”

“हं.”

“आपली लेक गेली आणि आठवड्यात तू डबा घेऊन कामावर. तुला काही वाटलंच नाही, म्हणून तर आज इथे बसलोय.”

“कामावर नव्हतो गं जात. तिच्या शाळेच्या फाटकासमोर बसायचो, शाळा सुटेपर्यंत.”