शेठला अक्षर बघायचं होतं

माझ्या अक्षराचं कुणी कौतुक केलं की आजही माझं डोकं फिरतं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. जुन्या जालन्यात एका बियाण्याच्या दुकानात कारकून पाहिजे म्हणून गेल्तो. शेठ म्हणले, "आधी अक्षर बघू." अन् कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा पुढं टाकला. गावोगावच्या शेतकऱ्यांना लिहायचं होतं, 'नवीन बियाणं आलं आहे, लवकर यावे.' सकाळपासून सांजेपर्यंत दीडशे लिहिली, कपभर चहासुद्धा न्हाई. वर शेठ म्हणले, "जाताना पेटीत टाका. चार दिवसांत कळवतो." मी तर गावाकडं परतूरला दादांना सांगूनबी टाकलं, आता मला खर्चाला पैसे पाठवू नका.

पाचव्या दिवशी कार्ड आलं. 'जागा भरली आहे, येऊ नये.' अक्षर माझ्याच खोलीतल्या संतोषचं.

"संत्या, हे तू लिहिलं?"

"मलाबी अक्षर बघू म्हणले," तो खाली बघत म्हणला. "न्हाई म्हणायच्या यादीत तुझं नाव आलं. न्हाई लिहिलं असतं तर मला कोण ठेवणार होतं?"

दोन दिवसांनी त्यालाबी तेच कार्ड आलं, तिसऱ्याच कुणाच्या अक्षरात.

मी तडक भांडायला गेलो. शेठनं मला ओळखलंसुद्धा न्हाई. गठ्ठा पुढं सरकवला. "बसा. आधी अक्षर बघू."

मंग बसलो. दीडशेच्या दीडशे कार्डांवर वळणदार अक्षरात लिहिलं, 'बियाणं संपलं आहे, येऊ नये.'

शेठनं वरच्या कार्डावरून नजर फिरवली. "अक्षर लय चांगलंय तुमचं. जाताना पेटीत टाका."