विटकरी गवत

शेषराव : मला चित्रातलं काही कळत नाही, पण गवत विटकरी असतं का रे कुठं?

नीरज : संध्याकाळ आहे ना पप्पा. मतलब, ऊन उतरलंय. आणि जयपुरात एवढं गवत बघितलंय कुणी?

शेषराव : ज्याच्यावरून काढतोस ते समोरच लावलंय की. हॉलंडच्या त्या जुन्या चित्रकाराचं. नदी, गायी, एवढं मोठं आभाळ, सगळं हुबेहूब उतरवलंस. पण त्याचं गवत हिरवंगार आहे.

नीरज : क्लासच्या मॅडमनी ट्यूबांवर रंगांची नावं लिहून दिली होती. काल टर्पेंटाइन सांडलं, ट्यूबांवरची अक्षरं पुसली गेली.

शेषराव : अक्षरं गेली म्हणून काय झालं? पिळल्यावर रंग दिसतो ना. ही बघ एक, आणि ही दुसरी. कोणती कोणती?

नीरज : मला दोन्ही सारख्याच दिसतात.

शेषराव : असं कसं? लहानपणी रेल्वे फाटकापाशी सिग्नल बघायला न्यायचो तुला. हिरवा म्हणायचास, लाल म्हणायचास. कधी चुकला नाहीस.

नीरज : तुम्ही आधी म्हणायचात. इंजिनात असिस्टंट हाक देतो आणि ड्रायव्हर तेच परत म्हणतो, तसं खेळायचो आपण. मी फक्त परत म्हणायचो.

शेषराव : कामून नाही सांगितलंस रे?

नीरज : मला आठवीत कळलं. तोवर तुम्ही सगळ्या रेल्वे कॉलनीत सांगून बसला होतात, पोरगा माझ्यासारखा इंजिन चालवणार म्हणून.

शेषराव : आणि आता लेखी परीक्षा पास झालास. गुरुवारी मेडिकल. तिथं ते ठिपक्यांचं पुस्तक ठेवतात पुढं, ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायला.

नीरज : मोबाईलवर मिळालं ते. सगळी पानं पाठ केलीत मी. पण वाटलं, खरंच शिकता आलं तर बरं. म्हणून तिलक नगरचा हा चित्रकलेचा क्लास लावला. रोज रंग कालवले तर नजर तयार होईल, असं वाटलं.

शेषराव : म्हणजे हे हौस म्हणून नव्हतंच.

नीरज : सुरुवातीला नव्हतं. आता क्लास नसला की करमत नाही.

शेषराव : तीस वर्षं गाडी चालवली मी. मागं हजार-दीड हजार माणसं निवांत झोपलेली असायची. पुस्तक पाठ होतं लेकरा, सिग्नल पाठ होत नाही.

नीरज : माहीत आहे. नापास व्हायची भीती नाही वाटत मला. पास झालो तर काय, याचीच वाटते.

शेषराव : मग जाऊ नकोस.

नीरज : तुम्ही माझ्या नावाची पेटी करून आणलीय, पप्पा. ड्यूटीवर न्यायची.

शेषराव : तिच्यात ट्यूबा ठेव. वाईट वाटतंय मला, खोटं कशाला सांगू? चार दिवस वाटेल. पण तू एवढी वर्षं हे एकट्यानं घेऊन फिरलास, त्याचं जास्त वाटतंय.

नीरज : सांगायला पाहिजे होतं मी.

शेषराव : थांब, त्या हातानं डोळे नको पुसू, रंग लागलाय. मी पुसतो. हं. आता या गवताचं काय करायचं?

नीरज : ओलं आहे अजून. तेलाचे रंग आठ-दहा दिवस वाळत नाहीत. खरवडून पुन्हा लावता येईल. पण कोणती ट्यूब घेऊ, तेच कळत नाही.

शेषराव : ते स्टूल सरकव इकडं. आजपासून मी असिस्टंट. तू ब्रश धर.

(शेषराव एक ट्यूब उचलून पुढे धरतात.)

शेषराव : हिरवा.

नीरज : हिरवा.