ताई माझ्या चहाला छान म्हणाल्या तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या संचालकबाई, विश्वस्त मंडळी, जतन विभागाचे प्रमुख साहेब, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या अंगणातल्या उपाहारगृहाच्या मुख्य स्वयंपाकीण ताई, दालनांतले पहारेकरी, तिकीटखिडकीवरच्या मैत्रिणी, स्वयंपाकघरातले माझे सोबती, आणि संग्रहालयाला सुट्टी असतानाही थोडं ताईंच्या आणि थोडं केकच्या ओढीनं जमलेले आमचे नेहमीचे पाहुणे, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी चहाच्या काउंटरवरची. आपल्यातल्या बहुतेकांनी मला किटलीशिवाय पाहिलेलंच नाही, त्यामुळे या घडीला हात कुठे ठेवावेत ते मला कळत नाहीये. माझी दुसरी ओळख अशी, की मी ताईंच्या धाकट्या भावाची बायको. म्हणजे सत्कारमूर्ती माझ्या सख्ख्या नणंद. नणंदेच्या निरोप समारंभात भावजयीला बोलायला उभं करायचं, ही कल्पना कुणाची ते मी विचारलं नाही. ज्यांची असेल त्यांना या नात्याचा अनुभव नसावा.

संचालकबाईंनी मला चार चांगली वाक्यं सुचवली होती. 'ताईंच्या हाताला चव आहे', हे त्यातलं पहिलं. मी तिथेच अडले. वाक्य खरं आहे हो, पण ते तेवढंच म्हणून मला पुढे जाता येईना. कारण मध्यंतरी कितीतरी महिने असे गेले, की ताईंच्या हाताला चव होती आणि जिभेला अजिबात नव्हती. पाहुणे मंडळींनी दचकू नये. अध्यक्षांना आणि विश्वस्तांना हे ठाऊक आहे, कसं ते पुढे सांगते. आज चारचौघांत सांगायची परवानगीही ताईंनीच दिली आहे. परवानगी म्हणजे, 'सांग एकदाचं आणि खाली बस', असं म्हणाल्या.

तर मंडळी, आमच्या स्वयंपाकघराचा एक शिरस्ता आहे. दुपारचं जेवण असो की चारचा चहा, ताईंनी चाखल्याशिवाय एक ताटली अंगणात जात नाही. सूप चाखणार, रस्सा चाखणार, केकची कड मोडून तोंडात टाकणार, आणि शेवटी माझ्या काउंटरपाशी येऊन चहाचा एक घोट घेणार. मग नाक मुरडणार. 'पाणी नीट उकळलं नव्हतं.' 'दूध सढळ हातानं घातलंस.' लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून माझा एकही चहा त्यांना पसंत पडलेला नाही. मलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट त्या बोलल्या की माझा दिवस सुरू व्हायचा.

गेल्या थंडीत ताईंना ताप आला. आठवडाभर पडून होत्या, मग उठून कामावर आल्या. त्या दिवशी मी बोलण्याच्या नादात किटलीकडे बघायला विसरले, आणि चहा झाला होता कडू जहर. मी तो ओतून टाकणारच होते. तेवढ्यात ताई आल्या, कप उचलला, घोट घेतला आणि म्हणाल्या, "छान झालाय."

आपल्याला वाटेल, कौतुक केलं तर या बाईला आनंद व्हायला हवा. अहो, कसला आनंद? जी बाई वर्षानुवर्षं नावं ठेवत आली, ती कडू चहाला छान म्हणते, म्हणजे काहीतरी भलतंच झालंय हे कळायला काय विद्वत्ता लागते? मी त्यांना पिठाच्या कोठीत नेलं आणि दार लावून विचारलं, "ताई, काय झालंय?"

त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "वास येत नाही. चवही नाही. तोंडात कागद घातल्यासारखं वाटतं सगळं." आणि मग, ज्यांनी मला आयुष्यात कधी विनंती केली नाही त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस गं."

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार, सांगता येत नाही. इकडे त्याच सुमारास संग्रहालयात कुजबुज चालू होती, की स्वयंपाकघर बंद करून बाहेरच्या ठेकेदाराला काम द्यावं, डब्यांतून अन्न यावं आणि इथे नुसतं गरम करून वाढावं. ताईंची जीभ गेलीय हे बाहेर पडलं असतं तर निकालच लागला असता. ताई घरी बसल्या असत्या. सन्मानानं नव्हे, निकामी ठरून. ज्या बाईनं नवरा गेल्यावर याच स्वयंपाकघरात उभं राहून स्वतःला सावरलं, तिला त्याच दारातून तसं बाहेर पडावं लागलं असतं. मला ते बघवलं नसतं. भांडायला तरी माणूस ताठ उभं असावं लागतं.

मग आम्ही एक युक्ती केली. ताईंच्या आधी मी मागच्या बाजूला सगळं चाखून यायचे आणि काउंटरवर कप पुसत उभी राहायचे. ताई सगळ्यांसमोर चमचा तोंडाला लावायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी कप सरळ ठेवला तर ठीक. पालथा घातला तर मीठ कमी. बशीवर चमचा ठेवला तर आंबट झालंय. आणि ताई अशा थाटात सांगायच्या, "मीठ घाला रे", की मला स्वतःलाच वाटावं यांना सगळं कळतंय. माझी जीभ आणि त्यांचा दरारा, यावर आपण सर्व जण जेवत होता. आमचे हे तिथे तिसऱ्या रांगेत बसलेत, सख्खे भाऊ असून त्यांनाही पत्ता नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "हल्ली घरात शांतता कशी? कुणाचं काही बिनसलंय का?"

असे महिने गेले. आणि मग आली ती दुपार. दुसऱ्या एका संग्रहालयाची मंडळी आली होती आणि अध्यक्षांनी त्यांच्यासाठी अंगणात चारचा चहा ठेवला होता. छत्र्या उघडल्या होत्या, टेबलांवर पांढरी कापडं होती, तीन मजली तबकं पुसून तयार होती. सकाळी कळलं की रात्री वीज गेली होती आणि फ्रीज बंद पडला होता. केकचं क्रीम, दूध, लोणी, सगळं दिसायला ठीक होतं. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी ताईंपुढे आणून ठेवलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला सडकून सर्दी झालेली.

दोघींत मिळून एक नाक होतं, तेही त्या दिवशी चोंदलेलं. वाटेल त्याला 'जरा वास घेऊन सांग' म्हणायची सोय नव्हती, कारण त्या स्वयंपाकघरात वास घ्यायला लोक ताईंकडे यायचे. सगळं टाकून द्यावं तर पाहुण्यांपुढे ठेवायचं काय? आणि न टाकावं तर? येणाऱ्यांत म्हातारी माणसं होती, एक लहान मूल होतं. ताई म्हणाल्या, "कुणाच्या पोटात खराब जाणार असेल तर मला हे काम नको." मग म्हणाल्या, "बोलाव त्या फुंकरसाहेबांना."

आता फुंकरसाहेब कोण? व्यासपीठावर बसलेले आपल्या जतन विभागाचे प्रमुख. साहेब, राग मानू नका, जुन्या वस्तूंवरची धूळ तुम्ही ज्या मायेनं फुंकर घालून काढता त्यावरून पडलेलं नाव आहे हे. यांचं नाक असं, की कुठल्या पेटीतल्या कापडाला बुरशी धरतेय ते पेटी न उघडता सांगतील. आणि यांचं नि ताईंचं हाडवैर. 'तुमच्या कांद्याचा वास माझ्या चित्रांच्या दालनात येतो', हे यांचं म्हणणं. 'तुमच्या टर्पेंटाईननं माझ्या केकची चव जाते', हे त्यांचं. दोघांच्या तक्रारी ऐकून संचालकबाईंच्या नाकी नऊ आले होते. म्हणजे ज्या माणसाच्या एका शब्दानं ताई जाणार, त्यालाच स्वयंपाकघरात बोलवायचं होतं. मी म्हटलं, "ताई, दुसरं कुणी बघू." त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचं नाक एवढं तिखट आहे?"

साहेब आले ते भांडायच्या तयारीनं. ताईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सरळ सांगितलं, "मला वास येत नाही. थंडीपासून. आजवर हिच्या नाकावर चालवलं, आज हिला सर्दी झालीय. एवढं बघा, मग कुणाला काय सांगायचं ते सांगा."

साहेबांनी हात धुतले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि क्रीमच्या भांड्यावर वाकले. मग दूध, मग लोणी, मग अंडी. प्रत्येकापाशी इतका वेळ, की माझा जीव वरखाली होत होता. शेवटी म्हणाले, "क्रीम गेलं. दूध जाण्याच्या बेतात आहे, नको वापरायला. लोणी उत्तम." ताईंनी लगेच क्रीमचा केक रद्द केला, लोण्याची बिस्किटं लावली, चहाबरोबर लिंबू दिलं. पाहुणे खूश होऊन गेले. पण माझं लक्ष साहेबांकडे होतं. ते दारापाशी पोचले, चष्मा लावला. मला वाटलं, आता हे संचालकबाईंच्या खोलीकडे वळणार. ते मागे वळून म्हणाले, "उद्या साधारण कधी येऊ?"

त्या वेळी माझ्या छातीवरचं किती ओझं उतरलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. साहेब, आपले आभार मानायला मला आजपर्यंत जागा मिळाली नव्हती. आज मानते.

साहेब खरंच रोज यायला लागले. बाहेर सगळ्यांना वाटायचं, हे कांद्याची तक्रार घेऊन येतात. जतनाच्या कार्यशाळेतून तसेच यायचे, बाह्या वर केलेल्या, हाताला काय काय लागलेलं. एके दिवशी ते सुपाच्या पातेल्यावर वाकले आणि ताई एकदम खेकसल्या, "बाजूला व्हा हो, काय घाण वास मारतोय तुमच्या अंगाला."

ताईंच्या स्वतःच्याही लक्षात यायला थोडा वेळ लागला. साहेबांनी हळूच विचारलं, "कसला वास?" ताई म्हणाल्या, "टर्पेंटाईनचा." आणि त्यांनी साहेबांची बाही धरली आणि पुन्हा वास घेतला, पुन्हा घेतला. साहेब हात पुढे करून मुकाट उभे. तेवढ्यात वाढणारे दादा आत आले, त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि आल्या पावली परत गेले. दादा, तुम्ही तेव्हा काय समजलात ते पोटात ठेवलंत, त्याबद्दल तुमचेही आभार. मी मात्र पिठाच्या पोत्यावर बसून रडले. मला वाटत होतं मी थकले नाहीये. मी फार थकले होते.

हळूहळू सगळं परत आलं. आधी जळकं, मग आंबट, मग व्हॅनिला, आणि सर्वांत शेवटी चहा. त्या दिवसापासून माझ्या चहात पुन्हा खोट निघायला लागली.

आणि आता कुठे घडी बसली, असं म्हणेपर्यंत ताईंनी निवृत्तीचा अर्ज दिला. मी चिडले. म्हटलं, एवढं सगळं निभावलं ते कशासाठी? तर म्हणाल्या, "याच्यासाठीच. तेव्हा गेले असते तर घालवल्यासारखं झालं असतं. आता माझी मी जातेय."

पुढचं मला संचालकबाईंकडून कळलं. विश्वस्तांनी ताईंना बोलावून विचारलं, की तुमच्यामागे कोण? की द्यायचं ठेकेदाराला? तेव्हा ताईंनी त्यांच्यापुढे आपण होऊन सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. निरोपाची तारीख ठरली होती, सत्कार ठरला होता, गप्प राहून मानानं जाता आलं असतं. त्या म्हणाल्या, "थंडीपासून पावसाळ्यापर्यंत तुम्ही जे जेवलात, ते माझ्या धाकट्या भावजयीच्या जिभेवर जेवलात. तुम्हाला फरक कळला का? मग ठेकेदार कशाला हवा?" अध्यक्ष महोदय, आपण म्हणे बराच वेळ विचार करून म्हणालात, की त्या महिन्यांत सूप उलट जरा जास्तच चांगलं होतं. आणि स्वयंपाकघर राहिलं. माझ्याकडे आलं. ताईंनी घरी येऊन मला एवढंच सांगितलं, "येत्या आठवड्यापासून लवकर उठत जा."

ताई, मी तुमच्या तोंडावर बोलतेय, कारण घरी तुम्ही बोलू देणार नाही. तुम्ही माझ्यासाठी तुमची झाकली मूठ उघडलीत. मी ते विसरणार नाही.

वेळ झाली आहे आणि आत ओव्हन माझी वाट बघतोय. अध्यक्षांचे, विश्वस्तांचे, संचालकबाईंचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. आता सगळ्यांनी चहाला बसावं. या अंगणातल्या एकाही टेबलावर ताई आजपर्यंत बसलेल्या नाहीत, म्हणून मधलं टेबल त्यांच्यासाठी राखून ठेवलं आहे. आज त्यांनी काहीही आधी चाखलेलं नाही. आज त्या पाहुण्या आहेत.

माझ्या बोलण्यात आणि माझ्या हातच्या पदार्थांत काही उणं राहिलं असेल तर आपण सर्वांनी मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. ताई, तुम्ही मात्र सांभाळून घेऊ नका. बसल्या जागेवरून हाक मारा, मी येते.