पालथं पद

…आन् वर मलाच विचारत्यात, "काय रे विरुपाक्षा, हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलं कुटनं?" खूळ म्हणे. मी काय बंगला मागितला होता का मोटार मागितली होती? तुमाला सांगतो, माझ्या हातनं एक पद वाजावं, चार माणसांनी ते ऐकावं, बास, एवढंच. जास्ती काय न्हाई.

आता तुमी म्हणाल, मंग वाजव की बाबा, अडवतंय कोण? अवो, माझाच गळा अडवतोय की! बावीस वर्सं झाली मला आमच्या मठातल्या भजनी मंडळात, दर सोमवारी संध्याकाळी, पाऊस असू द्या, ताप असू द्या, मी हजर. आन् बावीस वर्सांत माझं काम काय? तर सतरंजी आंथरायची, समईत तेल घालायचं, शेवटाला खडीसाखर वाटायची. पहिल्या सोमवारी तेवढं तोंड उघडलं होतं मी. पेटीवर आमचे चनबसप्पामामा, मंडळाचे मालकच म्हणा की, त्यांनी भाता थांबवला, चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं, आन् लई मायेनं म्हणाले, "विरुपाक्षा, तू मनातल्या मनात म्हण. देवाला ऐकू येतंय." रागावले असते तर विसरलो असतो हो. मायेनं म्हणाले, म्हणून लागलं.

पोटाला मी चादरीच्या कारखान्यात. सोलापुरी चादरीवर मोर असतोय, फुलं असत्यात, ती काय आपोआप उठत न्हाईत. जकार्ड मागावर पुठ्ठ्याचे लांब लांब पत्ते फिरत असत्यात, त्यांना भोकं असत्यात. भोक आलं की दोरा उचलतोय, न्हाई आलं की न्हाई उचलत. ती भोकं मारणारा मी. साऱ्या पेठेत माझ्यासारखा हात कुणाचा न्हाई. पण भोकं मारणाऱ्याला कोण म्हणणार, वा बुवा, पुन्ना एकदा?

तर पंच्याहत्तर साल, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती. मी आपला रेडिओ घेऊन धुळाप्पाच्या दुकानात गेलो. धुळाप्पा म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारा, माझ्या वर्गातला, दहा शब्दाच्या जागी एक वापरणारा. त्याच्याकडं कुणाची तरी परदेशी रेकॉर्ड आली होती, ती तो लावून बघत होता. आन् त्यातनं एक सूर आला… काय सांगू तुमाला. सनई न्हाई, बासरी न्हाई, पेटी तर न्हाईच न्हाई. सरळ. दम लागलेला न्हाई, घसा खाकरलेला न्हाई. मी उभाच. म्हणलं, "धुळाप्पा, हे काय वाजतंय?" म्हणाला, "वीज." म्हणलं, "वाजवतंय कोण?" म्हणाला, "तिला गळा लागत न्हाई."

झालं! गळा लागत न्हाई म्हणाला हो तो! रेडिओ तितंच ठेवून घरी आलो, जेवलो न्हाई. अक्कम्मा, माझी बायको, कपाळाला हात लावून बघती, "ताप न्हाई, मंग झालंय काय?" काय सांगू तिला? चाळिशी उलटलेल्या माणसानं सांगायचं, मला विजेचा सूर पाहिजे म्हणून?

मंग धुळाप्पाच्या पायरीवर शाळा सुरू झाली की आमची. कारखाना सुटला की मी हजर. एक ट्रान्झिस्टर, दोन कंडेन्सर, एक फाटका स्पीकर. तारा जोडायला कथलाचा डाग कसा द्यायचा, मला तर काय बी कळत न्हवतं, दोनदा बोट भाजलं, एकदा धुळाप्पाची बाही. शेवटाला एक दिवस ते वाजलं… कुंईंईं… शेजारचा चहावाला पळत आला, "धुळाप्पा, पिल्लावर पाय पडला का कुणाचा?" पिल्लू न्हवतं हो ते. माझा पहिला सूर होता. मी त्या चहावाल्याला मिठी मारली.

पण एका सुरात काय पद होतंय? धुळाप्पानं मोडक्या रेडिओतली आठ व्हॉल्यूमची बटणं काढून दिली. प्रत्येक बटणाला एक सूर, खालच्या सा पासनं वरच्या सा पर्यंत. बटण पिरगाळायचं आन् सूर जागेवर आणायचा. आता जागेवर आला हे कळणार कुणाला? मला? मला जर ते कळत असतं तर हे रामायण घडलं असतं का? ते घरी नेलं, अक्कम्मापुढं ठेवलं. ती मागाच्या दोऱ्याच्या कांड्या भरत बसलेली, मान वर न करता सांगती, "वर… आनखी वर… वर म्हणलं की खाली कशाला येताय?… हां, थांबा, हात काढा." दोन तासांत आठी सूर लावले बाईनं. म्हणलं, "अक्कम्मा, तुला हे येतंय कसं?" तर म्हणाली, "मला कोण तोंड मिटून म्हण म्हणलं न्हाई ना."

आता बटणं तयार, पण वाजवणार कोण? माझी बोटं भोकं मारायला शिकलेली, पेटीवर ती घसरत्यात. आन् तवा, तुमाला सांगतो, कारखान्यात हातात पत्ता धरून बसलो होतो, आन् मनात आलं, अरे, दोरा उचलायच्या जागी भोकानं तार चिकटवली तर? खाली तांब्याचा रूळ फिरवायचा, वर आठ तारा टेकवायच्या, मधनं पत्ता सरकवायचा. भोक आलं की तार रुळाला चिकटणार, तो सूर वाजणार. बोटं नकोत, गळा नको, नुसतं हँडल फिरवायचं. धुळाप्पाला सांगितलं, तर त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. मंग म्हणाला, "चहा घे." धुळाप्पानं आपणहून चहा कुणाला पाजला, असं माझ्या ऐकिवात न्हाई.

मंडळाचं सुरवातीचं पद घेतलं. अक्कम्मा एक एक ओळ म्हणायची, मी चादरीच्या नक्षीचा चौकटीचा कागद घेऊन ठिपके द्यायचो. कागद भरला तर वेल दिसाय लागली हो, वर चढती, खाली उतरती. बावीस वर्सं जे मनातल्या मनात म्हणत होतो ते असं दिसतंय, हे मला म्हाईतच न्हवतं. लई वेळ बघत बसलो. मंग तीन महिने, सुट्टीच्या दिवशी, रद्दी पुठ्ठ्यावर दोनशे चाळीस पत्ते मारले. माझ्या हातनं एक पद, बास, एवढंच.

तांबटाकडं रूळ अडकला, तो मिळाला सोमवारी दुपारी, आन् मामांना तर मी त्याच सोमवारचा शब्द देऊन बसलो होतो. कारखान्यातनं सुटून तसंच मठात. वाजवून बघायला वेळच न्हाई. सतरंजी त्या दिवशी मी आंथरली न्हाई, पहिल्यांदाच. चनबसप्पामामांनी पेटी बाजूला सारली, म्हणाले, "होऊ दे बाबा." सगळी माणसं पुढं सरकून बसली. मी हात जोडले, हँडल धरलं, फिरवलं…

किंकाळी! दुसरा शब्द न्हाई. रेल्वेचं इंजिन मठात शिरल्यागत. बायकांनी पोरांचे कान झाकले, पुजारी गाभाऱ्यातनं बाहेर आला, आन् मी येडा, मला वाटलं पुढं नीट होईल, म्हणून जोरात फिरवतोय. शेवटाला माझ्यासंगं आलेल्या धुळाप्पानं तार उपटली. सगळं शांत. आन् मामा लई मायेनं म्हणाले, "विरुपाक्षा, यंत्र हुबेहूब तुझ्यासारखंच गातंय की रे."

घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसलो. अक्कम्मानं एक पत्ता उचलला, दिव्यासमोर धरला, म्हणाली, "अवो, हे चादरीसारखं पालथं मारलंय की तुमी."

आता तुमाला सांगतो. चादर मागावर पालथी विणत्यात, नक्षी खालच्या अंगाला. म्हणून जितं फूल पाहिजे तितं भोक मारायचंच न्हाई, बाकी सगळीकडं मारायचं. कारखान्यातली इतक्या वर्सांची सवय, हातानं आपलं काम केलं, मला विचारलं बी न्हाई! पाहिजे तो सूर सोडून बाकीचे साती एकदम चिकटत होते. म्हणजे माझं पद त्यात होतं हो. अख्खं होतं. एक सूर चुकलेला न्हवता. फक्त जितं होतं तितं भोक न्हवतं. त्या दिवशी मी रडलो, लाज कसली सांगायला.

मारलेलं भोक बुजवता येत न्हाई. पुन्ना दोनशे चाळीस पत्ते, पुन्ना तीन महिने. या बारीला घरी वाजवून बघितलं, अक्कम्मा नुसती मान डोलवत होती. पण मठात घेणार कोण? मामा म्हणायचे, "बघू." बघू म्हणजे न्हाई, हे सोलापुरात लहान पोराला बी कळतंय. पण श्रावणातल्या पहिल्या सोमवारी काय व्हावं, पेटीचा भाता उंदरानं कुरतडला! मठ माणसांनी भरलेला, सूर धरायला काय न्हाई. मामांनीच निरोप धाडला, "आण बाबा तुझं ते."

आणलं. फिरवलं. आन् वाजलं हो… लख्ख. एकेका माणसाचा आवाज त्यात मिसळाय लागला, मामांनी डोळे मिटले. माझ्या हातनं, ह्या हातनं. पहिल्या ओळीला मला इतका आनंद झाला की हँडल पळाय लागलं, माणसं म्हणता म्हणता धापा टाकाय लागली. दुसऱ्या ओळीला डोळे भरून आले, हात थांबला, तर म्हणणारे एका अक्षरावर लोंबकळत राहिले. मामांनी डोळे उघडले. म्हणाले, "सूर लागला रे तुझा, कबूल. पण ताल? सिद्धारामा, तू धर बरं ते हँडल."

सिद्धाराम म्हणजे आमचा झांजवाला, पोस्टात शिक्के मारतोय, दिवसभर हात एका चालीत. त्यानं झांज खाली ठेवली आन् हँडल धरलं.

तवापास्नं दर सोमवारी तोच वाजवतोय. पत्ते लावून द्यायला मी असतोय की शेजारी. माणसं बाहेर पडताना त्याच्या पाठीवर थाप देत्यात, "सिद्धारामा, काय वाजवलंस रे आज." वाटतं त्याच्यावर रागवावं, एखादा पत्ता उलटा लावून द्यावा. पण काय करू, वाईट तेवढंच वाटतंय… लई ग्वाड वाजवतोय हो तो.