लाइनीवरचा चौथा

— ठेवू नका, फोन ठेवू नका. कोन हाये ते नाई ओळखलं म्या, पन हाये कोनीतरी. शालूबाईनं आत्ताच पिंपळगावहून ठेवला, कोनीतरी ऐकून राह्यलं म्हने, म्या म्हनलं ठेव माय, मी पाह्यते. तिनं ठेवला तरी आवाज खुलला नाई. या तारेवर आवाजाची वाटनी होते साहेब, भाकरीवानी — जितके जास्त उचलतीन तितका कुटका लहान. आठवड्यापासून आमच्या तिघीच्या वाटनीत चौथं कोनीतरी जेवून राह्यलं.

बोलत नाई? बरं. मीच बोलते. मी जनका, खामगावच्या जिनिंगीतली. रेच्यावर, सरकी काढाच्या यंत्रावर, कपाशी टाकता टाकता भावाच्या पाटीवरून अक्षरं शिकली, कोन्या मास्तराचे उपकार नाई. शालिग्राम शेठनं नवं राज्य झालं त्या साली तार ओढली — खामगाव, मोताळा, पिंपळगाव राजा, तीन जिनिंगी, एक तार — अन् मले फोनवर बसवलं. भाव सांगाले. आता तुमी म्हनसान, मंग दुपारचा भोंगा झाला का तिघी बाया काय गुलुगुलु करता? सांगते ना. मोताळ्याच्या कलाबाईचा पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला, हात गेला, मंग ती गेली, अन् आमाले कळलं बाजारात, वांगे घेता घेता. एका शेठच्या बाया, अन् मातीले नाई पोचलो. तवा म्या कायदा केला — भोंगा झाला का हरेकीनं सांगाचं, 'आमच्याइथं समद्यायनं हात धुतले.' इतकंच. हात धुतले म्हंजे हात हायेत. पह्यले कोनी बोलेना, लाजत. म्या म्हनलं, काई नसन तं भाजी सांगा. ज्या दिवशी अंबाडीच्या भाजीवरून मोताळ्याची कोकिळा अन् पिंपळगावची शालू भांडल्या, त्या दिवशी म्हनलं, आता हे टिकते.

आज मोताळ्याची कोकिळा उचलत नाई. घंटी फिरवून फिरवून मनगट गेलं माझं. तिले काई केलं का तुमी? काढलं कामावरून? का पट्टा — नाई, पट्ट्याचं नाव नाई काढत मी. अन् सोमवारचं म्हनसान तं सोमवारी काई नाई... कोन म्हनलं सोमवार? तुमी तं नाई म्हनलं. मीच म्हनलं.

जाऊ द्या, निंगालं तोंडातून तं निंगालं. पट्ट्याले जाळी लावा, एवढं मांगनं. नाई लावली तं सोमवारी तीनही जिनिंगीत एक बाई कपाशी टाकनार नाई. कोकिळाचं त्यात काई नाई हो, लेकुरवाळी हाये ते, हो ले हो म्हनते. ठरवनं माझं, बोलनं माझं. तिले सोडा, मले धरा.

हे काय वाजून राह्यलं मघापासून? कट् — तारेले गंज लागला असन. रंगराव मॅनेजरले सांगाचं असन तं खुशाल सांगा. बुलढान्याले गेले ते, भिंतीपल्याड त्यायची खोली, तिथला फोन, समदं बंद हाये. येतीन संध्याकाळी, बसतीन अडकित्ता घेऊन सुपारी कातरत, तवा सांगा. मी काई भेत नाई.

पुन्हा वाजलं.

थांबा. ह्या कानात तं वाजलंच — पन ह्या दुसऱ्या, मोकळ्या कानातही वाजलं. भिंतीतून.

...रंगरावसाहेब.

बोला ना. आता तरी बोला. भिंतीच्या अल्याड पल्याड बसून तारेवरून काय ऐकता — ठेवला. ठेवला वाटते, आवाज कसा खुलला एकदम. खुर्ची सरकली. चपला घालून राह्यले.

अन् हे काय, पुन्हा बारीक झाला — कोन? कोकिळा? तू हायेस का वो माय? मोठ्यानं बोलू नको, कडी वाजून राह्यली माझ्या दाराची. एवढंच सांग. हात धुतले का?