निळं स्वयंपाकघर

दिग्दर्शक : नाही. अजून काढ.

कलरिस्ट : सर, यातून आणखी निळं काढलं तर चित्रपटच बदलेल.

दिग्दर्शक : बदलायलाच आलोय मी. इथे काय शोभेला बसवलंय मला?

कलरिस्ट : तुम्ही जुन्या चित्रपटाची नवी प्रत बघून होकार द्यायला आलायत. निदान चित्रपट संग्रहालयाने मला तसं कळवलंय. ओरखडे काढायचे, धूळ काढायची, थरथरणारं चित्र स्थिर करायचं. रंगाला हात लावायचा नाही.

दिग्दर्शक : संग्रहालयात मेलेल्या वस्तू ठेवतात. मी अजून आहे.

बायको : अहो, आवाज. ती मुलगी शेजारीच बसलीये.

दिग्दर्शक : तू जरा थांब गं. हे बघ पोरी, स्क्रीनवर तो कप बघ. टेबलाच्या कडेला. कोणत्या रंगाचा आहे?

कलरिस्ट : निळसर.

दिग्दर्शक : पांढरा आहे तो! आमच्या घरचा आहे. हे स्वयंपाकघरच आमचं आहे, तिथेच शूटिंग केलं आम्ही. विचार हिला.

बायको : कान तुटलाय त्याचा. पण पांढराच आहे.

दिग्दर्शक : आणि ही नटी बघ. ओठ जांभळे पडलेत. मटारच्या शेंगा सोलतेय ती, मजेत आहे, आणि नवरा दारात उभा राहून तिच्याकडे बघतोय. इतकंच आहे त्या प्रसंगात. आणि दिसतंय काय? शवागारात कोणी ओळख पटवायला आलंय असं!

कलरिस्ट : पण सर, हा तर तुमचा सगळ्यात गाजलेला शॉट. ह्या काळातल्या चित्रपटांना तुमचा ‘निळा काळ’ म्हणतात. कॉलेजात आम्हाला अभ्यासाला होता. मी निबंध लिहिलाय त्यावर.

दिग्दर्शक : काय लिहिलंस?

कलरिस्ट : की सुरुवातीच्या चित्रपटांत तुम्ही माणसांच्या मांडीला मांडी लावून बसता, त्यांच्याबरोबर हसता. मग हळूहळू लांब सरकता. आधी संगीत जातं, मग कॅमेरा हलायचा थांबतो, आणि शेवटच्या चित्रपटांत तर रंगसुद्धा थंड पडतात. जणू माणसांवरचा तुमचा विश्वासच उडत चाललाय.

दिग्दर्शक : मार्क किती पडले?

कलरिस्ट : वर्गात पहिली आले.

दिग्दर्शक : परत कर ते मार्क. संगीत गेलं, कारण संगीतकाराशी माझं भांडण झालं. कॅमेरा हलायचा थांबला, कारण आमच्या कॅमेरामनची कंबर गेली होती. त्याला बसायला खुर्ची दिली, आणि लोक म्हणाले, काय शैली आहे!

बायको : मुलाखतीत मात्र तुम्ही सांगितलंत की हलणारा कॅमेरा म्हणजे चोंबडा शेजारी.

दिग्दर्शक : वाक्य चांगलं होतं ते.

बायको : वाक्यं तुमची नेहमीच चांगली असतात.

कलरिस्ट : मग हे निळं कुठून आलं, सर? तेही कोणाच्या कंबरेमुळे?

दिग्दर्शक : मोतीबिंदूमुळे.

कलरिस्ट : कोणाच्या?

दिग्दर्शक : माझ्या, आणखी कोणाच्या! हिवाळ्यात पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, घरी खुर्चीत बसलो होतो. समोर माझा सदरा वाळत घातलेला. एक डोळा मिटून बघितला तर शुभ्र. दुसरा मिटून बघितला तर चहात बुडवून काढल्यासारखा. सकाळभर मी डोळे मिचकावत बसलो होतो. हिला वाटलं, डोक्यात काहीतरी झालंय.

बायको : शेजारीण समोर उभी होती, तिला काय वाटलं असेल ते मी अजून विचारलं नाही.

दिग्दर्शक : डॉक्टर म्हणाला, हे वर्षानुवर्षं साचत आलेलं असतं. इतकं हळूहळू की माणसाला पत्ताच लागत नाही. मग दुसरा डोळाही झाला, आणि परवा घरी हा चित्रपट लावला. मला वाटलं टीव्ही बिघडलाय. मागची वायर काढून परत खोचली मी.

कलरिस्ट : एक शंका आहे, सर. विचारू?

दिग्दर्शक : विचार.

कलरिस्ट : तुम्हाला सगळंच पिवळट दिसत होतं ना? म्हणजे घरातला कपही पिवळा आणि स्क्रीनवरचा कपही पिवळाच. दोन्ही सारखेच बिघडलेले. मग स्क्रीनवरच निळं का वाढवलंत? हे काही जुळत नाही.

दिग्दर्शक : शाबास. डॉक्टरला हे सुचलं नाही.

कलरिस्ट : पण उत्तर?

दिग्दर्शक : रात्रभर मीही हाच विचार करत होतो. घरचा कप पांढरा आहे हे मला ठाऊक होतं गं. रोज हातात घेतलेला कप. तो मला पांढराच वाटायचा, डोळा काहीही सांगो. पण अंधाऱ्या खोलीत, मोठ्या स्क्रीनवर, आपलंच काम तपासायला बसलो की संशय सुरू. कप कळकट दिसतोय, भिंत कळकट दिसतेय. मी म्हणायचो, पिवळं काढ. तो काढायचा. मी म्हणायचो, अजून काढ.

कलरिस्ट : आणि पिवळं काढत गेलं की उरतं निळं. त्या वेळच्या कलरिस्टने सांगितलं नाही तुम्हाला?

दिग्दर्शक : एकदा म्हणाला, सर, निळं होतंय. मी त्याला विचारलं, दिग्दर्शक कोण आहे?

कलरिस्ट : मग?

दिग्दर्शक : मग काय. पुन्हा बोलला नाही.

बायको : बिशाद होती का कोणाची. सेटवर हे शिंकले तरी लोक समजायचे, शॉट ओके झाला.

दिग्दर्शक : आता कळलं ना सगळं? मग काढ. सगळीकडून काढ. संध्याकाळी जी प्रत जाणार आहे ती नीट जाऊ दे.

कलरिस्ट : नाही जमणार, सर.

दिग्दर्शक : का? बटण दाबायचंय फक्त.

कलरिस्ट : बटणाचा प्रश्न नाही. करारात स्पष्ट आहे, ‘प्रदर्शित झाला होता तसाच’. खाली तुमची सही आहे.

दिग्दर्शक : सही करताना मला दिसत कुठे होतं!

बायको : सही नव्या डोळ्यांनी केलीत तुम्ही. मीच पेन दिलं.

दिग्दर्शक : तू कोणाच्या बाजूने आलीयेस इथे?

बायको : मला रिक्षातून यायला सोबत हवी म्हणालात, म्हणून आलेय.

दिग्दर्शक : हे बघ पोरी, मला एक सांग. मूळ चित्रपट म्हणजे कोणता? जो मला दिसत होता तो, की चुकून थिएटरात गेला तो?

कलरिस्ट : लोकांनी बघितला तो.

दिग्दर्शक : लोकांनी माझी चूक बघितली!

कलरिस्ट : तुमच्यासाठी चूक असेल. माझ्यासाठी नव्हती. रागवणार नसाल तर सांगते. मी आधी भौतिकशास्त्र करत होते. हा चित्रपट बघितला आणि सोडून इकडे आले. आमच्या घरात आई-बाबा वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जेवायला समोरासमोर बसायचे, मीठ माझ्यामार्फत मागायचे. आमचं स्वयंपाकघर अगदी ह्याच रंगाचं होतं. तोवर मला वाटायचं, हे फक्त मलाच दिसतंय. हे निळं काढलं तर ते घरही जाईल, सर.

दिग्दर्शक : मग तू तुझ्या घराचा चित्रपट काढ! माझ्या घरावर कशाला रंग ओततेस?

कलरिस्ट : ओतलाय तुम्हीच. मी फक्त पुसत नाहीये.

दिग्दर्शक : आजवर कोणी माझ्याशी असं बोललं नव्हतं.

बायको : म्हणूनच ही वेळ आली. बाळ, मी एक विचारू? ते खिडकीचे पडदे जरा मोठे करून दाखवतेस?

कलरिस्ट : हे? शेवाळी रंगाचे?

बायको : पिवळे आहेत ते.

कलरिस्ट : हे पिवळे आहेत?

बायको : मी शिवलेत. कापडही मीच रंगवलं. मनासारखा पिवळा उतरेना म्हणून पुन्हा पुन्हा धुऊन रंगवलं. नखं कितीतरी दिवस पिवळी होती.

कलरिस्ट : म्हणजे वेशभूषेत नाव येतं ते तुमचं, काकू?

बायको : कपडे, पडदे, चादरी, उशांचे अभ्रे. पहिल्या चित्रपटापासून माझेच. ह्या चित्रपटापर्यंत.

दिग्दर्शक : नंतर हिचे गुडघे दुखायला लागले.

बायको : गुडघ्यांना काहीही झालं नव्हतं.

दिग्दर्शक : म्हणजे? तूच तर म्हणाली होतीस.

बायको : म्हणाले होते. तुमच्या ऑफिसचा एक जिना तेवढा दुखायचा. घरचा, बाजाराचा, बहिणीकडचा, बाकी सगळे जिने चढत होते. तुमच्या कधी लक्षात आलं नाही.

दिग्दर्शक : मग काम का सोडलंस?

बायको : आता राहू दे.

दिग्दर्शक : राहू दे काय? सांग.

बायको : पहिल्या खेळाला मी तुमच्या शेजारी बसले होते. हे पडदे दिसले, आणि मला वाटलं, मशीन बिघडलंय. मग मनात आलं, छे, या माणसाचं रंगात चुकणार नाही. आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही जाहिरातींचे फलक रंगवत होता. दुकानदाराने हळदी रंगाऐवजी लिंबी डबा दिला तर भर उन्हात अर्ध्या रस्त्यातून परत फिरायचात. तो माणूस बायकोने शिवलेल्या पडद्यांचा रंग असा चुकून मारेल? म्हणजे मुद्दामच केलंय. आपलं स्वयंपाकघर, आपले कप, आणि माझ्यासारखीच मान वाकडी करून शेंगा सोलणारी बाई. मला वाटलं, तुम्हाला आपलं घर असंच दिसतं.

दिग्दर्शक : अगं, मग विचारायचंस ना मला!

बायको : विचारणार होते, घरी गेल्यावर. पण लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पेपरात आलं, विझलेल्या संसाराची राख. म्हटलं, परक्या माणसांनाही दिसतंय, मलाच काय ते दिसत नव्हतं.

दिग्दर्शक : पेपरवाले काय, काहीही लिहितात.

बायको : पेपरवाल्यांचं सोडा. पुरस्कार घेताना तुम्ही काय म्हणालात?

दिग्दर्शक : आता काय ते आठवतंय.

बायको : मला आठवतंय. एका छताखाली दोन माणसं इतकी दूर असू शकतात, की मधे अख्खा हिवाळा मावतो. शेजारच्या बाईने माझा हात हातात घेतला. भेटायला आल्यासारखा. माणूस गेल्यावर येतात ना, तसा.

दिग्दर्शक : अगं, त्यांनी लिहिलं होतं तेच मी बोललो. त्याआधीचे दोन चित्रपट रिकाम्या खुर्च्यांना दाखवले होते मी. निर्माते फोन घेत नव्हते. आणि इथे हजार माणसं रडत होती. त्यांना काय सांगू? अहो थांबा, चुकीच्या जागी रडताय, हा आनंदी चित्रपट आहे?

बायको : हो.

दिग्दर्शक : सोपं आहे म्हणणं.

बायको : डोळ्यांत मोतीबिंदू होता, मान्य. जिभेला काय झालं होतं?

कलरिस्ट : सर... मी थोडा वेळ बाहेर जाऊन येऊ का?

दिग्दर्शक : बस. कुठे जाऊ नकोस. काढ ते निळं.

कलरिस्ट : मी म्हटलं ना, पाठवायच्या प्रतीत मला...

दिग्दर्शक : पाठवायच्या नाही. हा एवढा प्रसंग. हिला दाखव.

कलरिस्ट : एक मिनिट. आधी याची वेगळी फाइल करते. हं. आता बघा काकू, हळूहळू काढतेय. भिंत... टेबल... आता चेहरा...

(स्क्रीनवर सकाळ. खिडकीत पिवळे पडदे, वाऱ्याने थोडे फुगलेले.)

बायको : ही हसतेय.

कलरिस्ट : कोण?

बायको : ही. शेंगा सोलताना.

कलरिस्ट : अरे हो. गालाला रंग आला म्हणून कळतंय. निळ्यात ती ओठ आवळून बसल्यासारखी वाटायची. निबंधात मी एक अख्खं पान लिहिलंय त्या आवळलेल्या ओठांवर.

बायको : आणि तो दारातला नवरा आत यायचं सोडून असा का उभा आहे?

दिग्दर्शक : आत गेलो की तू काम सांगायचीस. पाणी भर, डबा काढून दे. दारात उभा राहिलो की थोडा वेळ नुसतं बघता यायचं.

बायको : हे मला कधी बोलला नाहीत.

दिग्दर्शक : अख्खा चित्रपट काढला! आणखी कसं बोलायचं? तुझ्यासाठी काढला होता तो. हे, हे असं होतं माझ्या डोळ्यांसमोर. शूटिंगच्या दिवशी हेच दिसत होतं मला.

बायको : पुन्हा लाव गं एकदा.

दिग्दर्शक : बघितलंस पोरी? हा चित्रपट आहे. हाच जाणार. संग्रहालयात त्या करारवाल्याला फोन लाव, मी बोलतो त्याच्याशी.

कलरिस्ट : मी सकाळीच बोलले, सर. तुम्ही आल्या आल्या रंगांवरून चिडलात, तेव्हाच बाहेर जाऊन विचारलं. ते म्हणाले, दिग्दर्शकांबद्दल आदर आहे, पण म्हातारपणी प्रत्येकाला आपले जुने चित्रपट दुरुस्त करावेसे वाटतात. प्रत निळीच जाईल. मी बदलून पाठवली तर ते परत पाठवतील, आणि दुसऱ्या कोणाकडून करून घेतील.

दिग्दर्शक : म्हणजे मी मेल्यावरही तेच!

कलरिस्ट : एक करता येईल. हा पूर्ण चित्रपट मी असा करून देते. माझ्या सुट्टीत, प्रत्येक शॉट, काकू म्हणतील त्या पिवळ्यावर आणून. त्यांनीच शेजारी बसावं. ती प्रत तुमची, घरी बघायला.

दिग्दर्शक : घरी! जगभर ते शवागार दाखवणार, त्यावर पोरंपोरी पहिला नंबर काढणार, मी गेल्यावर त्याच निळ्या चित्रासमोर उभे राहून भाषणं ठोकणार, आणि हा खरा चित्रपट बघणार कोण? आम्ही दोघं?

बायको : मग कोणासाठी काढला होतात?